‘आपोआप’च्या शोधात: लोटे ते धामणखोल

लोटे

“आत सोडणार नाही म्हणजे काय? मी पुण्याहून आलोय!”

सर ओरडत होते आणि कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन ऐकत होता. ऐकत होता म्हणजे तळहातावर तंबाखू मळत होता. ‘पुण्याहून आलोय’ हे सरांनी अशा थाटात टाकलं की मला वाटलं, आता फाटक उघडणार, आतून सनई वाजणार आणि दोन सुवासिनी आरती घेऊन धावत येणार. वॉचमनने चिमूट ओठाखाली सारली, हात झटकले आणि विचारलं, “पास हाय?”

पास तेवढा नव्हता. बाकी सरांकडे सगळं होतं. गळ्यात रेकॉर्डर, डोक्यावर जंगलात जायची टोपी, पाठीवर पिशवी आणि पिशवीत दिल्लीच्या कुठल्याशा मोठ्या माणसाचं पत्र. सर पुण्याचे प्राध्यापक. नाव सांगत नाही, त्यांचं पुस्तक यायचंय. विषय असा की आशियातले मोठे देश, म्हणजे चीन, आपण, इंडोनेशिया वगैरे, यांच्यात आर्थिक वाढ झाली की समाजसुधारणा कशी होते. त्यांचे मेहुणे रत्नागिरीत माझे शेजारी. मेहुण्यांनी सांगितलं, “आमच्या बोसनकाकांना घेऊन जा, त्यांनी अख्खा आशिया पाहिलाय.” बोसन म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. उभी हयात मी तेच केलं. आणि आशिया पाहिलाय हेही खरंच आहे. धक्क्यापासून अर्ध्या मैलापर्यंतचा आशिया माझ्याइतका कोणीच पाहिलेला नाही. त्याच्या आत काय असतं ते मला माहीत नाही, पण ते सरांनी विचारलं नाही.

रत्नागिरीहून निघाल्यापासून सर मला आपला सिद्धान्त समजावत होते. कारखाना येतो. बाईच्या हातात पगार येतो. पगार आला की जुन्या रूढी गळून पडतात. “कशा?” मी विचारलं. “आपोआप,” सर म्हणाले. हा त्यांचा आवडता शब्द. चिपळूणपर्यंत तो त्यांनी इतक्या वेळा वापरला की गाडीसुद्धा आपोआप चाललीय आणि मी नुसताच चाक धरून बसलोय असं मला वाटायला लागलं.

वाटेत महामार्ग लागतो. लागतो, सुटतो, मग पुन्हा लागतो. ‘काम चालू आहे’ ही पाटी इतकी जुनी झालीय की तिच्यावर रानवेल चढलाय आणि वेलात बुलबुलाने दुसरं बाळंतपण उरकलंय. मी सरांना शांघायची गोष्ट सांगितली. आमची बोट नदीत लागली तेव्हा पलीकडे नुसती भातखाचरं होती. मी दाढी करायला खाली गेलो. वर येऊन बघतो तर समोर साठ मजली इमारत, आणि साठाव्या मजल्यावर एक माणूस खिडकीच्या काचा पुसतोय. काचा मळायलासुद्धा वेळ लागतो की नाही? आणि मी काही दाढीला फार वेळ लावत नाही. सरांनी हे वहीत लिहून घेतलं. त्यांच्या पुस्तकात सापडलं तर मला पान कळवा.

तर फाटक काही उघडलं नाही. तीन वाजता भोंगा झाला आणि पहिली पाळी बाहेर पडली. हवेत तो लोट्याचा वास होताच. सडक्या लसणीत कोणी रॉकेल ओतावं तसा. सरांनी नाकाला रुमाल लावला आणि रुमालाआडून मला सांगितलं, “ही वाढीची किंमत असते.” म्हटलं, खरं आहे सर, रुमाल छान आहे.

बाहेर पडणाऱ्या घोळक्यातून एक बाई आमच्यासमोर येऊन थांबली. चाळिशीची, हातात डब्याची पिशवी, कपाळ मोकळं. तिच्या मागे तिशी उलटलेला एक आडवातिडवा गडी.

“तुमीच काय ठराववाले सर? सरपंचांना पत्र धाडलेलं?”

सर हरखले. ज्या धामणखोल गावासाठी ते पुण्याहून आले होते, त्याच गावची ही बाई. नाव शारदा. कारखान्यात पोती भरून शिवायच्या कामाला. मागचा गडी महेश, तिच्याच वाडीतला, तिथेच पोती उचलायला. नवरा अनंत पाच वर्षांपूर्वी तापाने गेला. मागे एक मुलगी. सरांनी लगेच रेकॉर्डर तिच्या तोंडासमोर धरला.

“पगार हातात यायला लागल्यावर तुमच्या स्थानात काय फरक पडला?”

“कुठल्या ठाण्यात?”

“स्थानात. समाजातल्या.”

शारदाने महेशकडे बघितलं. महेशने रस्त्याकडे बघितलं. “वैनी, बस सुटंल,” तो म्हणाला.

“थांब रे. सर, परवा या गावात. शिमग्याची पालखी माझ्याकडे येतेय. मी नवीन घर बांधलंय, चिऱ्याचं, दोन खोल्या. नव्या घरात आई पयल्यांदा येणार. तिची ओटी मी भरणार हाय.”

“वैनी, होऊ दे तरी आधी,” महेश पुटपुटला.

“होणार म्हंजे काय, झालंच. ठराव हाय ना!”

ज्यांनी आमचा शिमगा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिमग्यात ग्रामदेवता पालखीत बसून घरोघर जाते. वर्षभर आपण देवळात जातो, या दिवसांत देवी आपल्या अंगणात येते. घरची बाई तिची ओटी भरते. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. पण भरायची ती सवाशिणीने. नवरा गेलेली बाई त्या वेळी दाराच्या मागे उभी राहते. घर तिचं, अंगण तिने सारवलेलं, तांदूळ तिने निवडलेले, आणि ती दाराच्या फटीतून बघणार. धामणखोलच्या ग्रामसभेने ही सगळी रीत बंद केल्याचा ठराव केला होता. सन्मान, हळदकुंकू, ओटी, सगळं विधवांना खुलं. गावाला त्याबद्दल ढालही मिळाली होती. शारदाने पाच वर्षं दाराआड काढली होती आणि परवा तिला अंगणात यायचं होतं. मागणं एवढंच.

बस हलली. सर वहीत लिहीत होते. मी डोकावलो. ‘आपोआप’ला दोन रेघा मारल्या होत्या.

गुहागर

मधला दिवस गुहागरला काढला. समुद्राबद्दल मी काही लिहिणार नाही. मी समुद्राला इतकं पाहिलंय की आता आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नाही. सर मात्र पुळणीवर पँट दुमडून उभे राहिले आणि म्हणाले, “इथे पर्यटनाची केवढी क्षमता आहे!” पुण्याचा माणूस समुद्रात पाय बुडवून दुसरं काही बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

जेवायला नारळी-पोफळीच्या आगरातल्या एका खाणावळीत. मला बांगड्याचं तिखलं. सरांना डाळभात, कारण ते शाकाहारी. पण तिखल्याकडे असे बघत होते की बांगडा लाजून ताटाच्या कडेला सरकला. खाणावळीच्या काकूंना सर विचारायला लागले की तुमच्या व्यवसायात स्त्री म्हणून तुम्हाला निर्णयाचं स्वातंत्र्य आहे का. काकू म्हणाल्या, “भात वाढू काय अजून?”

मी सुराबायाची गोष्ट काढली. तिथल्या मासळी बाजारात सगळा कारभार बायकांचा. एका बाईने माझ्या कप्तानाला किंमत पाडून मागितली म्हणून असं झापलं की कप्तानाने मासळी घेतली, माफी मागितली आणि जाताना तिचं टोपलंही डोक्यावर घेऊन तिच्या घरी पोचवलं. आम्ही दोन दिवस बोट धरून त्याची वाट बघत होतो. सर म्हणाले, “म्हणजे बाजार आला की सुधारणा येते.” म्हटलं, सर, ती बाई त्याआधीपासूनच तशी असावी. हे त्यांनी लिहिलं नाही.

दुपारी आगरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फिरायला गेलो. काजूला फळं धरली होती. सरांनी एक पिवळंधमक बोंड तोडून खाल्लं, रस हनुवटीवरून गळाला, चेहरा प्रसन्न झाला. बोंडाच्या खाली बी लटकत असते, ती हातात घेऊन म्हणाले, “म्हणजे हाच काजू! आणि बाजारात आपण केवढे पैसे मोजतो!” ओल्या बीच्या सालात तेल असतं. कातडीला लागलं तर कातडी सोलून निघते. कोकणात तीन वर्षांचं पोरही ती बी दाताला लावत नाही. मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं, पण नेमकी जांभई आली.

दहा मिनिटांत सरांचे ओठ असे सुजले की तोंडात कोणी दोन वांगी आडवी धरलीत असं वाटावं. खाणावळीच्या काकूंनी खोबरेल लावलं.

“शिकवता काय तुमी?”

“कॉलेजात,” सरांच्या वतीने मी सांगितलं.

“तरीच,” काकू म्हणाल्या.

धामणखोल

गुहागरहून तासाभरावर डाव्या हाताला एक रस्ता उतरतो. उतरतो म्हणजे पडतोच. तळाला धामणखोल. एरवी गावात म्हातारी माणसं, बायका आणि लोट्याला जाणारे तेवढे असतात, बाकी सगळे पुरुष मुंबईला. शिमग्याला मात्र मुंबई गावात रिकामी होते. प्रत्येक दारात गाडी आणि प्रत्येक गाडीवर मंडळाचं नाव. हे मंडळ म्हणजे मुंबईकरांचं. देऊळ त्यांनी बांधलं, पालखी त्यांची, मान कुणाला ते तेच ठरवणार. गावाचा कारभार असा पाहुणा येऊन हाकतो.

सरपंचांनी आम्हाला ग्रामपंचायतीत नेलं. ठराव भिंतीवर काचेत लावला होता, सोनेरी चौकटीत. ढाल कपाटात होती आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे, तो रजेवर. म्हणून आम्ही ढाल काचेतून पाहिली. सरपंच खड्या आवाजात म्हणाले, “सर, लिहून घ्या. चीनला जमलं नाही ते धामणखोलने करून दाखवलं!” चीनने पूल बांधले, इंडोनेशियाने बाजार बांधले, आपण ठरावाला चौकट बांधली. ती मजबूत होती, खोटं कशाला बोलू. सरांनी सुजलेल्या ओठांनी मान हलवली. बोलणं त्यांना जमत नव्हतं. मात्र सकाळी त्याच ओठांआडून सहा घावणे गेले होते, ते मी स्वतः मोजले.

अकराच्या सुमाराला ढोलताशे वाजवत पालखी शारदाच्या अंगणात आली. घर दोनच खोल्यांचं, पण चिरे असे घासूनपुसून लावलेले की उन्हात लाल चमकत होते. अंगण शेणाने सारवलेलं, मधे पाट, पाटाभोवती रांगोळी. पालखीच्या पुढच्या दांड्याला महेश होता. चौघांनी पालखी नाचवली, घामाघूम झाले, मग पाटावर टेकवली. म्हाताऱ्या गुरवाने, म्हणजे देवीच्या पुजाऱ्याने, हाक दिली, “घरची सवाशीण पुढं या!”

शारदा ताट घेऊन पुढे आली. नवं लुगडं, मोकळं कपाळ.

ढोल बंद पडला. कोणी थांबवला नव्हता. ढोलवाल्याचा हातच वर राहिला.

मंडळाचे चिटणीस पुढे झाले. छातीला बिल्ला, डोळ्यांना काळा चष्मा. “वैनी, ताट जावेकडं द्या.”

“का?”

“रीत हाय.”

“ठराव झालाय.” शारदा सरपंचांकडे वळली. “भावोजी, सांगा ना.”

सरपंचांनी घसा साफ केला. तो एवढा वेळ साफ केला की त्यात भातखाचर नांगरून झालं असतं. “ठराव हाय ग्रामपंचायतीचा,” ते म्हणाले, “आणि पालखी मंडळाची. ग्रामपंचायतीकडं रस्ता, पाणी आणि दिवाबत्ती येते.”

“म्हणजे देवी तुमच्या हद्दीत येत नाही?” मी विचारलं.

“बोसनकाका, तुमी पाव्हणे. चहा घेतलात?”

मी सरांना कोपराने ढोसलं. “सर, बोला की! तुमच्या पुस्तकातलं पान समोर उभं आहे.” सरांनी बोटाने आपले ओठ दाखवले. मग रेकॉर्डर सुरू केला.

चिटणीस मंडळाच्या अध्यक्षांना विचारायला गेले. अध्यक्ष आजारपणामुळे मुंबईतच होते, आणि धामणखोलात मोबाइलची रेंज येते ती फक्त वरच्या कातळावर. तोवर देवी अंगणात आणि शारदा देवीसमोर, दोघी उन्हात. ताट खाली ठेवलं नाही तिने. जावेला कोणीतरी पुढे ढकललं, तर जावेने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

चिटणीस उतरून आले. “अध्यक्ष म्हणतात, विषय चांगला हाय. पुढच्या वर्षी मीटिंगला घेऊ.”

तेव्हा गुरव बोलला. या माणसाच्या तोंडात दातही नव्हते, पण डोकं असं की त्याला आमच्या बोटीवर घेतला असता तर कस्टमवाले नोकरी सोडून गेले असते. “मंडळाच्या यादीत ह्ये घर कुणाच्या नावावर हाय?”

चिटणीसांनी यादी उघडली. “अनंत.”

मंडळाच्या यादीत घर पुरुषाच्या नावावर असतं. तो गेला की नाव मुलाचं लागतं. अनंतला मुलगीच, तेव्हा नाव बदलायचा प्रश्नच नाही. यादीपुरता अनंत जगबुडीपर्यंत जिवंत राहणार होता.

“मग झालं तर!” गुरव म्हणाला. “यादीत अनंत हाय म्हंजे अनंत हाय. धनी हाय म्हंजे ही सवाशीण. भर गो बाय ओटी.”

अंगणात असा सुस्कारा सुटला की रांगोळी विस्कटायची राहिली. सरपंचांनी टाळी वाजवली. चिटणीसांनी चष्मा काढून पुसला. कोणीतरी लगबगीने कुंकवाचा करंडा आणला, शारदाला लावायला. मलासुद्धा वाटलं, सुटलं बुवा. बाईचं काम होतंय, आणखी काय पाहिजे?

शारदाने मान मागे घेतली.

“नको.”

“आता काय झालं?”

“ते गेलेत. तुमीच खांदा दिलात, चिटणीस. तुमीच मडकं फोडायला लावलंत. पाच शिमगे मी दारामागं उभी ऱ्हायले, तेव्हा यादी कुठं होती? जिवंत नवऱ्याची बायको म्हणून मला ओटी भरायची नाय. मी हाय ती हाय. अशीच भरीन. नायतर उचला पालखी.”

चिटणीसांनी यादी मिटली.

“उचला रे,” चिटणीस म्हणाले.

चौघे वाकले. दांड्यांना हात घातले. महेशच्या मानेची शीर टरारली, तोंड काळंनिळं झालं. पालखी होती तिथेच.

“उचला म्हणतो ना!”

“जड झालीय,” महेश म्हणाला.

“काय?”

“आई जड झालीय. उठत नाय.”

आता हे पुण्यातल्या वाचकांना समजावायला हवं. देवीच्या मनाविरुद्ध काही झालं की पालखी जड होते. दहा माणसं लावा, हलत नाही. अशी गोष्ट प्रत्येक गावात आहे आणि खोटी म्हणायची कोणाची छाती नाही, मंडळाच्या चिटणीसाची तर नाहीच, कारण देवळाच्या माहितीपत्रकात ती त्याने स्वतः लिहिलेली असते. तरी चिटणीस बाह्या सावरत म्हणाले, “सरका, मी धरतो.”

“हात लावू नको!” गुरव ओरडला. “पायात चप्पल हाय तुझ्या!”

चिटणीस दोन पावलं मागे गेले. गुरवाने पालखीपुढे हात जोडले, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी विचारलं. अंगणातली सगळी मुंबई श्वास धरून उभी. मग त्याने डोळे उघडले आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, “भर गो.”

शारदाने ओटी भरली. तांदूळ थोडे बाहेर सांडले. नारळ ठेवला, खण ठेवला, देवीला कुंकू लावलं. स्वतःला लावलं नाही. जावेने न सांगता निरांजन धरलं. शारदा पाया पडून उठली आणि तशीच पालखीसमोर उभी राहिली, काही वेळ. कोणीही तिला सरक म्हणालं नाही.

मग पालखी उठली. उठली कसली, उडाली. चौघांनी ती अशी नाचवली की देवीला चक्कर आली असावी.

सरपंच तेवढ्यात सरांच्या कानाशी पोचले होते. “लिहा सर, ठरावाची अंमलबजावणी. तुमच्या डोळ्यांदेखत!” चिटणीसही आले. “मंडळाचं सहकार्य, तेवढं घाला.” सरांनी दोघांचंही लिहून घेतलं आणि खाली आपल्या हाताने ‘पगार, मग सुधारणा’ असा बाण काढला. बाण सुबक होता. तीन माणसांनी मिळून एक काम न केल्याचं श्रेय इतक्या समाधानाने वाटून घेतलेलं मी कुठल्याच बंदरात पाहिलेलं नाही.

पालखी पुढच्या घरी टेकली तेव्हा महेश विहिरीवर पाय धूत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

“महेश, खरं सांग. किती जड झाली होती रे?”

“माहीत नाय, काका,” तो म्हणाला. “उचलून बघितलीच नाय.”